कॅडमधील रेषा टेकलेल्या दिसूनही सुट्या का राहतात?

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून घेण्यासाठी ड्रॉइंगची फाइल पाठवली, की लेसर कटिंगवाल्यांकडून पुष्कळदा एकच उत्तर येते: ‘प्रोफाइल ओपन आहे, क्लोज करून पाठवा.’ म्हणजे आकाराची कड कुठेतरी उघडी आहे. इमारतीचा नकाशा ऑनलाइन मंजुरीसाठी दाखल करणाऱ्या वास्तुविशारदांच्या कार्यालयांनाही हा अनुभव नवा नाही. भूखंडाची हद्द बंद नसल्याचे कारण देऊन तपासणीची प्रणाली नकाशा परत पाठवते. पडद्यावर तर सगळ्या रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसतात आणि कागदावर छापून पाहिले तरी कुठे फट आढळत नाही. जी फट माणसाला दिसत नाही ती संगणकाला कशी दिसते, आणि सुट्या रेषा व कमानी जोडून त्यांचा एकसंध घटक करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे या लेखात पायरीपायरीने पाहू. उदाहरणे मुख्यतः ऑटोकॅडमधील आहेत, कारण आपल्याकडे सर्वाधिक काम त्यावर चालते. मात्र त्यामागचा विचार सर्वच कॅड, म्हणजे संगणकावर आरेखन करण्याच्या, सॉफ्टवेअरना लागू पडतो.

डोळ्याला दिसणारा आकार आणि फाइलमधील नोंद

ऑटोकॅडमध्ये काढलेली साधी रेषा फाइलमध्ये दोन बिंदूंच्या रूपाने साठवली जाते: सुरुवातीचा आणि शेवटचा. कमानीची, म्हणजे आर्कची, नोंद वेगळ्या पद्धतीने होते. तिथे टोकांचे बिंदू लिहिलेलेच नसतात; केंद्र, त्रिज्या, सुरुवातीचा कोन आणि शेवटचा कोन एवढेच लिहिलेले असते, आणि टोके कुठे येतात याचा हिशोब सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी करते.

एक साधा स्लॉट घेऊ. बोल्ट सरकवता यावा म्हणून पट्टीला पाडतात तसे ते लांबट भोक आहे: ६० मिमी लांबीच्या दोन समांतर रेषा आणि दोन्ही टोकांना १० मिमी त्रिज्येची अर्धवर्तुळे. आपल्याला हा एक आकार दिसतो, पण फाइलमध्ये चार स्वतंत्र नोंदी असतात आणि त्यांपैकी एकीलाही उरलेल्या तिघींची माहिती नसते. पहिली रेषा जिथे संपते तिथूनच कमान सुरू होते ही गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. ते केवळ आपल्या नजरेने काढलेले अनुमान आहे.

संगणकावरील आरेखनाची सुरुवात मात्र अशी झाली नव्हती. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत सादर केलेल्या स्केचपॅड या प्रणालीत एका कोपऱ्यात मिळणाऱ्या रेषा एकच सामाईक बिंदू वापरत असत, त्यामुळे तो बिंदू हलवला की सगळ्या रेषा त्याच्याबरोबर हलत. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडने आणि ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्यासाठीच्या त्याच्या डीएक्सएफ फाइलने प्रत्येक रेषेला तिचे स्वतःचे आकडे दिले. फाइल साधी आणि सुटसुटीत झाली, परंतु रेषांचे परस्परांशी असलेले नाते नोंदवण्याचे काम ड्रॉइंग काढणाऱ्याकडे आले. रेषा जोडणे म्हणजे ते नाते फाइलमध्ये लिहून ठेवणे होय.

पॉलिलाइन म्हणजे काय

हे नाते ज्या घटकात लिहिले जाते त्याला पॉलिलाइन म्हणतात. पॉलिलाइन ही क्रमाने मांडलेल्या बिंदूंची एकच यादी असते आणि यादीतील प्रत्येक बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंत सरळ जायचे की वळत जायचे हे त्या बिंदूसोबतच नोंदलेले असते. वळणासाठी एकच आकडा वापरला जातो. त्याला बाक म्हणू. दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ जीवेपासून कमान जितकी उंच उठते, त्या उंचीला जीवेच्या निम्म्या लांबीने भागले की हा बाक मिळतो. सरळ भागाचा बाक ०, अर्धवर्तुळाचा १ आणि पाव वर्तुळाचा सुमारे ०.४१४२. कमान घड्याळाच्या उलट दिशेने वळत असेल तर आकडा धन, घड्याळाच्या दिशेने वळत असेल तर ऋण.

आपला स्लॉट या पद्धतीने लिहिला तर चार बिंदू आणि त्यांचे चार बाक, ०, १, ०, १, एवढ्यात तो पूर्ण होतो. त्याशिवाय शेवटचा बिंदू पहिल्याशी जोडलेला आहे असे सांगणारी ‘क्लोज्ड’ ही एक खूण असते. या रचनेतील महत्त्वाची बाब अशी, की रेषेचे शेवटचे टोक आणि कमानीचे पहिले टोक हे आता दोन निरनिराळे आकडे राहिलेले नाहीत, एकच बिंदू झाला आहे. त्यामुळे त्यांच्यात फट पडण्याची शक्यताच उरत नाही.

जोडल्याने कोणते काम सोपे होते

स्लॉट एकसंध झाला की त्यावर क्लिक करताच त्याचे क्षेत्रफळ १५१४.१६ चौरस मिमी आणि परिमिती १८२.८३ मिमी असल्याचे प्रॉपर्टीजच्या चौकटीत दिसते. सुट्या चार तुकड्यांना परिमिती फार तर बेरीज करून काढता येईल. संपूर्ण आकाराचे क्षेत्रफळ मात्र त्यांच्यावरून थेट मिळत नाही. ऑफसेट दिला तर संपूर्ण आकाराला समांतर आकार एकाच वेळी मिळतो. त्रिमितीत उंची दिली, तर बंद आकारापासून घन वस्तू तयार होते आणि उघड्या आकारापासून केवळ पातळ पडदा.

लेसर कटिंगमध्ये याचा परिणाम थेट पत्र्यावर दिसतो. किरण पत्रा कापताना स्वतःच्या जाडीएवढी धातू वितळवून नेतो. फायबर लेसरमध्ये ही रुंदी पत्र्याच्या जाडीनुसार साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते. माप बरोबर यावे म्हणून किरणाचा मार्ग बाहेरच्या कडेला निम्म्या रुंदीने बाहेर आणि भोकाच्या कडेला तितकाच आत सरकवावा लागतो. यासाठी आत कोणती बाजू आणि बाहेर कोणती, हे मशीनला कळायला हवे, आणि उघड्या आकाराला आत-बाहेर असा भेदच नसतो. शिवाय चार सुटे तुकडे हे मशीनच्या दृष्टीने चार वेगळे काप ठरू शकतात: चार ठिकाणी पत्रा भेदून सुरुवात करायची, चार ठिकाणी थांबायचे. भेदण्याच्या प्रत्येक जागी कडेवर खूण राहते आणि वेळ वाया जातो तो वेगळाच.

कोकणातल्या भातखाचराचा बांध डोळ्यांसमोर आणला तर ही ‘बंद’पणाची अट चटकन समजते. खेकड्याने पाडलेले बोटभर भोक बांधावरून चालणाऱ्याला दिसत नाही, पण पाणी ते शोधून काढते आणि खाचर रिकामे होते; बांध उरलेल्या सगळ्या लांबीत कितीही भक्कम असला तरी त्याचा उपयोग होत नाही. हॅच (आकाराच्या आतल्या तिरप्या रेषा) भरणारी, क्षेत्रफळ मोजणारी किंवा कापण्याचा मार्ग ठरवणारी आज्ञा त्या पाण्यासारखीच कडेकडेने जात राहते, आणि ०.००१ मिमीची फटसुद्धा तिच्या दृष्टीने फटच असते.

प्रत्यक्ष जोडण्याची कृती

ऑटोकॅडमध्ये यासाठी पीएडिट ही आज्ञा आहे. ती दिल्यावर अनेक घटक निवडण्यासाठी ‘एम’ टाइप करावे, सगळे तुकडे निवडावेत, रेषा आणि आर्क यांचे पॉलिलाइनमध्ये रूपांतर करायचे का या प्रश्नाला होकार द्यावा आणि मग जोडण्यासाठी ‘जे’ द्यावे. पुढे सॉफ्टवेअर फझ डिस्टन्स विचारते, म्हणजे दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर असले तरी ती एकत्र आली असे मानायचे. टोके खरोखर टेकलेली असतील तर शून्य पुरेसे असते.

दुसरी आज्ञा जॉइन. ती झटपट आहे आणि टेकलेल्या रेषा-कमानींची पॉलिलाइन करते. मात्र तिच्या एका सवयीकडे लक्ष ठेवावे लागते. एकाच सरळ रेषेत असलेले दोन तुकडे केवळ तेवढेच निवडले, तर त्यांच्यामधील मोकळी जागा भरून ती एक अखंड रेषा करते. भिंतीच्या रेषेत दारासाठी सोडलेली जागाही अशा वेळी बुजते. म्हणून इमारतीच्या नकाशात काय निवडले आहे ते पाहिल्याशिवाय जॉइन वापरू नये असे मला वाटते.

तिसरा मार्ग बाउंड्री या आज्ञेचा: आकाराच्या आत क्लिक केले की भोवतीच्या रेषांवरून नवी बंद पॉलिलाइन तयार होते. गुंतागुंतीच्या नकाशात हा मार्ग फार उपयोगी आहे, पण जुन्या रेषा तिथेच राहतात हे विसरून चालत नाही. त्या काढल्या नाहीत किंवा वेगळ्या लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर, नेल्या नाहीत, तर लेसर त्याच मार्गावरून दोनदा जाईल.

आज्ञा दिली, तरी जोडले का जात नाही

या विषयातील खरी डोकेदुखी इथे आहे आणि बहुतेकांचा वेळ इथेच जातो. पहिले कारण अर्थातच फट, परंतु ती निष्काळजीपणामुळेच पडते असे नाही. ऑब्जेक्ट स्नॅप, म्हणजे कर्सर नेमका टोकावर नेणारी सोय, बंद ठेवून नजरेने टोक टेकवले तर फट राहणारच. पण नीट काढलेल्या ड्रॉइंगमध्येही ती नंतर निर्माण होऊ शकते. कमानीचे टोक कोनावरून काढले जाते हे आपण पाहिले. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना कोनाचे दशांश कमी झाले आणि ०.०१ अंशाचा फरक पडला, तर १००० मिमी त्रिज्येच्या कमानीचे टोक सुमारे ०.१७ मिमी सरकते. रेषेचे टोक मात्र आपल्या जागी असते. म्हणूनच मोठ्या त्रिज्येच्या कमानी असलेली ड्रॉइंगे फाइलच्या देवाणघेवाणीत अधिक वेळा उघडी पडतात, आणि म्हणूनच डीएक्सएफ काढताना दशांश स्थळे कमी करू नयेत.

पडद्यावरील आकड्यांवर विसंबणेही धोक्याचे ठरते. युनिट्समध्ये दोन दशांश ठेवले असतील तर ६०.००३७ हा आकडा ६०.०० असा दिसतो. साठवलेला आकडा बदलत नाही, केवळ दाखवण्याची पद्धत बदलते.

दुसरे कारण उंचीचे आहे आणि ते ओळखणे सर्वांत अवघड. टोटल स्टेशन या यंत्राने केलेल्या जमिनीच्या मोजणीतून आलेल्या रेषांच्या टोकांना स्वतःची पातळी असते. वरून पाहताना दोन टोके एकमेकांवर दिसतात, पण एक दुसऱ्यापेक्षा अर्धा मीटर उंच असू शकते. साध्या द्विमितीय पॉलिलाइनला संपूर्ण लांबीत एकच पातळी चालते, त्यामुळे अशा रेषा ती स्वीकारत नाही. आणि त्रिमितीय पॉलिलाइन पातळीतील फरक स्वीकारते, पण तिच्यात कमानी बसत नाहीत. केवळ सपाट हद्द हवी असेल तर सर्व टोकांची झेड किंमत शून्य करावी किंवा फ्लॅटन आज्ञा वापरावी. ज्या नकाशात पातळ्यांनाच महत्त्व आहे, तिथे हे काम मूळ फाइलवर न करता प्रतीवर करावे.

तिसरे कारण एकावर एक पडलेल्या रेषा. कॉपी करताना किंवा दोन नकाशे एकत्र आणताना त्याच जागी दुसरी रेषा येऊन बसते. एका कोपऱ्यात दोनऐवजी तीन टोके मिळाली की पुढे कोणत्या रेषेने जायचे हे आज्ञेला ठरवता येत नाही, किंवा ती नको त्या रेषेने जाते. ओव्हरकिल ही आज्ञा अशा जादा रेषा काढून टाकते. ती जोडण्याच्या आधी चालवण्याची सवय ठेवली तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कोपऱ्याच्या पुढे थोडी निघून गेलेली रेषा किंवा दुसऱ्या रेषेच्या मध्यावर येऊन टेकलेली रेषा हाही याच जातीचा दोष आहे, कारण जोडणी टोकाला टोक अशीच होते; तिथे आधी ट्रिम करावे (छाटावे) लागते.

चौथे कारण घटकाच्या जातीचे. लंबवर्तुळाचा तुकडा किंवा स्प्लाइन, म्हणजे मुक्त वळणाची रेषा, पॉलिलाइनच्या यादीत तशीच बसत नाही, कारण तिथला बाक केवळ वर्तुळाकार कमान सांगू शकतो. स्प्लाइन आधी पॉलिलाइनमध्ये बदलावी लागते. पीडीएफमधून ड्रॉइंग परत मिळवताना हा प्रश्न हमखास उभा राहतो. पीडीएफच्या रचनेत वर्तुळ किंवा कमान असा घटकच नाही, तिथे सगळी वळणे बेझिए वक्रांनी जवळपास साकारलेली असतात. त्यामुळे परत आलेली कमान मूळ त्रिज्येची आहे की नाही हे मोजून पाहावे, आणि शक्य असेल तर मूळ डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची) फाइलच मागवावी.

दोष कुठे आहे हे शोधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे जोडून पाहणे आणि मग आकारावर एकदा क्लिक करणे. जेवढा भाग एकत्र निवडला जातो तेवढा जोडला गेलेला असतो. निवड जिथे थांबते त्या कोपऱ्यावर झूम करावे.

फझ डिस्टन्स मोठा ठेवला तर काय बिघडते

आज्ञा ऐकत नाही म्हटल्यावर फझचा आकडा वाढवत जाण्याचा मोह होतो आणि कधी तरी सगळे जोडले जाते. याविरुद्ध मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण हा आकडा म्हणजे ड्रॉइंगमधील कोणता फरक खरा आणि कोणता खोटा याचा निर्णय आहे. १ मिमीपर्यंतची फट चूक मानायची असे आपण सांगितले, तर त्या ड्रॉइंगमध्ये मुद्दाम ठेवलेली ०.८ मिमीची खाचही सॉफ्टवेअर चूक मानू शकते. टोके एकत्र आणताना रेषा वाढवल्या किंवा छाटल्या जातात, किंवा मध्ये एक छोटा सरळ तुकडा घातला जातो. दोन्ही प्रकारांत मूळ आकार बदलतो.

त्यामुळे हा आकडा त्या कामात चालणाऱ्या मापाच्या फरकापेक्षा बराच लहान आणि ड्रॉइंगमधील सर्वांत लहान खऱ्या तपशिलाच्या निम्म्याहून कमी असावा. पत्र्याच्या कामाला मी ०.०१ मिमीच्या पुढे जाणार नाही. मिलिमीटरमध्ये काढलेल्या इमारतीच्या नकाशाला १ मिमी पुरे. एकक तपासल्याशिवाय मात्र कोणताही आकडा टाकू नये. मीटरमध्ये काढलेल्या नकाशात फझ १ ठेवणे म्हणजे एक मीटरची फट डोळे मिटून बुजवणे होय, आणि तेवढ्यात एखादे दार मावते.

मशीनचे सॉफ्टवेअर स्वतःच जोडत असेल तर

मग आपण का जोडायचे, हा आक्षेप रास्त आहे. कापण्याचा मार्ग तयार करणारी बहुतेक सॉफ्टवेअर सुट्या तुकड्यांची साखळी स्वतः बांधतात आणि बऱ्याचदा ती बरोबरही असते. पण ते सॉफ्टवेअर स्वतःच्या सहनमर्यादेने निर्णय घेते, ती मर्यादा ड्रॉइंग काढणाऱ्याने ठरवलेली नसते, आणि तीन टोके मिळतात तिथे त्याला अंदाजच करावा लागतो. भाग कशासाठी आहे हे ड्रॉइंग काढणाऱ्याला ठाऊक असते, मशीन चालवणाऱ्याला नसते. म्हणून हा निर्णय पहिल्या टप्प्यावर होणे योग्य.

कमानीऐवजी लहान लहान सरळ तुकडे जोडून काम भागवावे असेही काही जण सुचवतात. तसे केल्यास मशीनला जी०२ किंवा जी०३ या वर्तुळाकार हालचालीच्या आज्ञेने एका ओळीत सांगता येणारी गोलाई जी०१ च्या अनेक सरळ ओळींत सांगावी लागते, कडेवर पैलू जाणवतात आणि पुढे त्रिज्या बदलायची झाली तर बदलायला कमानच उरलेली नसते.

जोडल्याने काही गमावते का? होय, आणि ते आधीच माहीत असावे. जोडलेल्या सर्व तुकड्यांना एकच लेयर आणि एकच रंग मिळतो. एक बाजू रस्त्याची हद्द म्हणून वेगळ्या लेयरवर ठेवली असेल तर ती माहिती पुसली जाते. एक्सप्लोड केल्यावर, म्हणजे जोड मोडल्यावर, रेषा आणि कमानी पुन्हा सुट्या मिळतात, पण जुने लेयर परत येत नाहीत.

चटईक्षेत्राचा हिशोब इथूनच सुरू होतो

महाराष्ट्रात अनेक महापालिकांनी इमारतीच्या नकाशांची छाननी संगणकावर आणली. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनियर्स या कंपनीचे ऑटोडीसीआर हे त्यातील परिचित नाव. अशा प्रणालीत भूखंड, इमारतीचा विस्तार, जिने, बाल्कनी हे सारे ठरलेल्या लेयरवर बंद पॉलिलाइनच्या रूपात द्यावे लागते, कारण क्षेत्रफळे आणि इमारतीभोवती सोडायची अंतरे प्रणाली त्यांच्यावरूनच मोजते. बंद पॉलिलाइनची मागणी ही केवळ औपचारिकता नाही. मोजणी त्या एका घटकावर उभी आहे.

रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या, २०१६ च्या कायद्यातील चटईक्षेत्राची (कार्पेट एरियाची) व्याख्या घेतली तर हे आणखी स्पष्ट होते. बाहेरील भिंती, सेवा-शाफ्ट आणि केवळ त्या सदनिकेसाठीच्या बाल्कनी व गच्ची वगळायच्या, पण आतील विभाजक भिंती मोजायच्या. म्हणजे हद्द बाहेरील भिंतीच्या आतल्या कडेने फिरते आणि खोल्यांमधील भिंतींवरून थेट जाते. खोल्यांच्या सुट्या बंद आकारांची बेरीज केली तर आतील भिंती सुटतात आणि क्षेत्र कमी भरते; हद्द बाहेरच्या कडेने जोडली तर ते फुगते. कोणत्या रेषा जोडायच्या हे इथे कायदा ठरवतो, सॉफ्टवेअर नाही.

गोलाई असलेल्या कोपऱ्यात चूक आणखी सहज होते. १ मीटर त्रिज्येची पाव वर्तुळाची कमान जोडली गेली नाही आणि घाईत ‘क्लोज’ हा पर्याय दिला, तर सॉफ्टवेअर दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढून आकार बंद करते. आकार बंद झाल्याने प्रणाली तो स्वीकारते, परंतु त्या एका कोपऱ्यात ०.२८५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३ चौरस फूट क्षेत्र कमी मोजले जाते. हीच चूक प्रत्येक मजल्यावरील प्रत्येक सदनिकेत उतरली की आकडा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. त्यामुळे आकार बंद झाला एवढ्यावर न थांबता त्याचे क्षेत्रफळ हाताने काढलेल्या अंदाजाशी ताडून पाहावे, आणि शेवटचा बिंदू पहिल्यावर नुसता येऊन टेकला आहे की प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’समोर खरोखर होकार आहे, हेही पाहावे. तपासणीच्या प्रणालीला या दोन गोष्टी वेगळ्या वाटू शकतात.

इतर सॉफ्टवेअरमध्ये

मायक्रोस्टेशनमध्ये हेच काम दोन साधनांत विभागलेले आहे: उघडी साखळी हवी असेल तर कॉम्प्लेक्स चेन, बंद आकार हवा असेल तर कॉम्प्लेक्स शेप, आणि दोन्हींत जास्तीत जास्त फट किती चालेल हे आधी सांगता येते. काय तयार करायचे हे सुरुवातीलाच विचारले जात असल्याने ही विभागणी मला अधिक स्वच्छ वाटते. मोफत मिळणाऱ्या लिब्रेकॅडमध्ये असलेल्या तुकड्यांवरून पॉलिलाइन तयार करण्याचे साधन आहे, आणि फ्रीकॅडच्या ड्राफ्ट विभागात अपग्रेड ही आज्ञा सुट्या कडांची एक वायर बनवते. ज्यांना परवाना विकत घेणे परवडत नाही अशा विद्यार्थ्यांना आणि लहान कार्यशाळांना वर सांगितलेली बरीचशी तपासणी या मोफत साधनांवरही करता येते.